अ‍ॅम्प्लिफायर केकाटतो तेव्हा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांताक्रूझ आणि माँटेरे यांच्या मध्ये मॉस लँडिंग नावाचं मासेमारीचं छोटं बंदर आहे. २००१च्या वसंतात तिथे एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोट बंदरात शिरली की तिचा जीपीएस आंधळा व्हायचा आणि किलोमीटरभर समुद्रात गेली की त्याला पुन्हा दिसू लागायचं. हा किनारा धुक्याचा. दाट धुक्यात बंदराचं तोंड शोधायचं असतं, नेमकं तेव्हाच यंत्र हात वर करत असे. ‘पॉइंट लोबॉस’ या समुद्रसंशोधन नौकेच्या कप्तानाने तक्रार केली आणि माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधली मंडळी दिशादर्शक अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन बंदरात उतरली.

शोधाच्या शेवटी हाती लागली ती एका बोटीवरची टीव्हीची अँटेना. ती बंद केली तरी गाऱ्हाणं मिटेना. मग दुसरी सापडली, मग तिसरी. तिन्ही अँटेना दुकानात सर्रास मिळणाऱ्या, तिन्हींच्या पोटात क्षीण सिग्नल मोठा करणारा छोटा प्रीअ‍ॅम्प्लिफायर. या प्रीअ‍ॅम्प्लिफायरचं काम फक्त ऐकण्याचं. पण तिन्ही जण कुणी न सांगता गाऊ लागले होते, आणि त्यांचा सूर जाऊन भिडत होता थेट १५७५.४२ मेगाहर्ट्झला, म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या मुख्य फ्रिक्वेन्सीला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची ताकद एका वॉटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढी उरते. तिला दडपायला एखाद्या बिथरलेल्या ट्रान्झिस्टरचा किरकोळ आवाजही पुष्कळ झाला.

मराठी घरांना ही वस्तू नवी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि केंद्रापासून लांबच्या गावांत गच्चीवरच्या अँटेनाच्या जोडीला ‘बूस्टर’ आला. त्याचं बटण फार पिळलं की चित्र सुधारण्याऐवजी पडद्यावर तिरप्या रेघांची जाळी उमटे. कधीकधी ती शेजारच्याच्या पडद्यावरही उमटे. बूस्टर बिघडला म्हणून तो दुकानात परत जायचा आणि दुकानातल्या टेबलावर अगदी सरळ चालायचा. गच्चीवर वेडा आणि टेबलावर शहाणा, हे या आजाराचं जुनं लक्षण आहे.

मंगल कार्यालयात माइक स्पीकरच्या समोर नेला की ‘कुईंऽऽ’ होतं. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. रेडिओच्या सर्किटातही हेच घडतं. फरक इतकाच, की इथे माइक आणि स्पीकर यांच्यात दोन सेंटिमीटरचं अंतर असतं आणि शिट्टी कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. ६० डेसिबल गेनचा अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलची ताकद दहा लाख पटींनी वाढवतो. याचाच अर्थ असा, की बाहेर पडणाऱ्या ताकदीचा दहा लाखावा हिस्सा कुठूनतरी झिरपून योग्य तालात दाराशी परत आला, तर अ‍ॅम्प्लिफायरला बाहेरच्या सिग्नलची गरजच उरत नाही. तो स्वतःच स्वतःला भरवतो. ‘तालात’ हा शब्द इथे कळीचा. परतलेला सिग्नल मूळ सिग्नलशी पावलाला पाऊल जुळवून आला पाहिजे. उलट्या पावलाने आला तर तो गेन कमी करतो, शिट्टी वाजत नाही. आणि परतीच्या वाटेवरची प्रत्येक तार, प्रत्येक कपॅसिटर फ्रिक्वेन्सीनुसार पाऊल पुढेमागे करत असल्यामुळे एका फ्रिक्वेन्सीला निरुपद्रवी असलेली वाट दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला घात करते.

हा रोग रेडिओइतकाच जुना आहे, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तो औषध म्हणूनच सापडला. १९१२मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने ट्रायोड व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला सिग्नल थोडासा पुन्हा आत सोडला आणि रेडिओची संवेदनशीलता कैक पटींनी वाढली. मात्र बटण केसभर जास्त फिरलं की रेडिओ ग्राहकाचा प्रेषक व्हायचा आणि आपली शिट्टी अँटेनामधून सगळ्या आळीला ऐकवायचा. १९२०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रोत्यांचं हे रोजचं दुखणं होतं. मॉस लँडिंगच्या तीन अँटेना या त्याच खानदानातल्या.

मुद्दाम असा फीडबॅक दिला नाही तरी व्हॉल्व्ह ऐकत नसे, कारण त्याच्या आतच चोरवाट होती. ट्रायोडमधली जाळी आणि प्लेट या धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर. म्हणजे न मागता मिळालेला एक कपॅसिटर. तो अवघ्या काही पिकोफॅरडचा, पण रेडिओ फ्रिक्वेन्सीला तेवढी फट पुरते. न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लुई हेझल्टाइन यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे काट्याने काटा काढण्याचा नमुना आहे. आतल्या चोरवाटेने जेवढा सिग्नल परततो तेवढाच, पण उलट्या पावलाचा सिग्नल त्यांनी बाहेरून एका छोट्या कपॅसिटरमधून आत सोडला. दोघे एकमेकांना खाऊन टाकत. १९२३पासून ‘न्यूट्रोडाइन’ या नावाने हे रेडिओ धडाक्याने खपले. जुन्या न्यूट्रोडाइनचं झाकण उघडलं तर तीन कॉइल एकाच विशिष्ट कलात, साधारण ५५ अंशांत, ओळीने झुकलेल्या दिसतात. त्या कोनात ठेवलेल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र शेजारणीला जवळजवळ लागतच नाही. शोभेसाठी वाटावी अशी ती मांडणी भूमितीचं गणित होतं.

पुढे जाळी आणि प्लेट यांच्यामध्ये आणखी एक जाळी घालून ती चोरवाटच बुजवलेले व्हॉल्व्ह आले. खुद्द आर्मस्ट्राँगने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना, १९१८मध्ये, वेगळीच वाट काढली होती. त्याच्या सुपरहेटेरोडाइनमध्ये थोडा गेन मूळ फ्रिक्वेन्सीला घेतला जातो, मग सिग्नलची फ्रिक्वेन्सीच बदलून उरलेला गेन तिथे घेतला जातो. शेवटच्या टप्प्यातून झिरपलेला सिग्नल पहिल्या टप्प्याच्या दाराशी आला तरी पहिल्या टप्प्याला त्याची भाषाच कळत नाही.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रसंग मात्र रेडिओतला नाही, टेलिफोनमधला आहे. २ ऑगस्ट १९२७च्या सकाळी बेल लॅबोरेटरीजमधला हॅरल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ओळीने लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष साठत जाई, तो कसा टाळावा हे कोडं त्याला छळत होतं. उलट्या पावलाचा फीडबॅक द्यायचा, गेन गमवायचा आणि शुद्धता कमवायची, ही कल्पना त्याला बोटीवर सुचली आणि त्याने ती हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर खरडली. कल्पना लखलखीत होती. पण प्रत्यक्षात बांधलेले असे अ‍ॅम्प्लिफायर कधीकधी ‘गायचे’. टेलिफोनवाल्यांचा हा खास शब्द. कारण आवाजाच्या पट्ट्यात उलटं पाऊल टाकणारा फीडबॅक दूरच्या, कुणालाच नको असलेल्या फ्रिक्वेन्सीला पोचेपर्यंत वळत वळत सुलट झालेला असे. त्याच टेलिफोन समूहातल्या हॅरी नायक्विस्टने १९३२मध्ये याचा उलगडा केला. फीडबॅकचं अख्खं वर्तुळ शून्यापासून अनंत फ्रिक्वेन्सीपर्यंत तपासा, मगच अ‍ॅम्प्लिफायर स्थिर आहे की नाही ते बोला, असा त्याच्या गणिताचा मथितार्थ.

मॉस लँडिंगच्या बोटींवरच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरची गफलत बरोबर इथेच झाली असली पाहिजे. अमेरिकेत त्या वेळी टीव्हीचा पट्टा ८०६ मेगाहर्ट्झला संपत होता, पण ट्रान्झिस्टरला ते कोण सांगणार? टीव्हीच्या वरच्या पट्ट्यासाठी बनवलेल्या स्वस्त ट्रान्झिस्टरचा गेनही १५०० मेगाहर्ट्झला जिवंत असू शकतो. शिवाय टीव्हीची अँटेना टीव्हीच्या पट्ट्यात बेतलेल्या रोधाने वागते. त्याबाहेर ती कॉइल होईल, कपॅसिटर होईल, काहीही होईल. प्रयोगशाळेत दोन्ही टोकांना ५० किंवा ७५ ओहम लावून तपासलेला अ‍ॅम्प्लिफायर अशा अनोळखी सोबतीत बिथरतो. म्हणून जाणता तपासनीस इनपुट उघडं ठेवून बघतो, शॉर्ट करून बघतो, वेगवेगळ्या लांबीच्या केबल लावून बघतो. ट्रान्झिस्टर कोणत्याही सोबतीत शहाणा राहील का, हे एका आकड्यात सांगणारी कसोटी जॉन रोलेट यांनी १९६२मध्ये मांडली. डिझाइन करणारे आजही तो आकडा एकाच्या वर आहे ना, हे पाहतात. पाहायचा असतो तो सगळ्या फ्रिक्वेन्सींना. घाईत पाहिला जातो तो फक्त कामाच्या पट्ट्यात.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे. अ‍ॅम्प्लिफायर ऑसिलेट होतोय, म्हणजे आपणहून गातोय, हे ओळखायचं कसं? पुष्कळदा तो तसं सांगतच नाही. ‘गेन कमी आहे’, ‘फार तापतोय’, ‘खरखर आहे’ अशी दुसरीच तक्रार करतो. हक्काचा पुरावा पुरवठ्याच्या करंटमध्ये मिळतो. इनपुटला काहीही नसताना करंट हिशेबापेक्षा वेगळा असेल आणि नुसता हात जवळ नेल्यावर हलत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. आणखी एक पुरावा साध्या मल्टिमीटरवर दिसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू असताना बेस आणि एमिटर यांच्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट असायला हवेत. मीटर ०.२ दाखवतोय आणि तरी ट्रान्झिस्टरमधून करंट धोधो वाहतोय, हे पुस्तकाप्रमाणे अशक्य. नवशिक्या ट्रान्झिस्टर खराब समजून बदलतो, नवा लावतो, तोही तसाच. चोर सोडून संन्याशाला सुळी. खरं तर ट्रान्झिस्टर जोरजोरात ऑसिलेट होत असतो, त्याचं बेसचं टोक डायोडसारखं ते झोके एका बाजूला कापत असतं, आणि मीटर बिचारा सरासरी दाखवतो.

एकदा खात्री पटली की दुरुस्तीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: फ्रिक्वेन्सी किती? पोस्टमनला पिनकोड मिळाल्यासारखं आहे हे. महागडा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर नसला तरी केबलच्या टोकाला बोटाएवढा वेढा करून तो संगणकाला जोडायच्या स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओच्या (एसडीआर) डोंगलला लावला, तर चोराचा माग निघतो. तोही नसेल तर शेजारी ठेवलेला एफएम रेडिओ निदान आपल्या पट्ट्यापुरती साक्ष देतो.

शिट्टी काही किलोहर्ट्झ ते एखाद-दोन मेगाहर्ट्झ इतकी खालची निघाली, तर पहिला संशय पुरवठ्याच्या तारेवर. हे ऐकून लोक चक्रावतात. १४५ मेगाहर्ट्झसाठी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर एक मेगाहर्ट्झला का ऑसिलेट व्हावा? कारण ट्रान्झिस्टरचा करंट गेन फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की साधारण निम्मा होतो. म्हणजेच खाली जावं तसा तो फुगत जातो. खाली त्याला आवर घालायला काही नसतं आणि शिवाय पुरवठ्याच्या तारेतला चोक व बायपास कपॅसिटर मिळून तिथेच एक झोपाळा तयार करतात. चोकला समांतर काही शे ओहमचा रोध लावला किंवा तारेत थोडा रोध घातला, की झोपाळ्याला घर्षण मिळतं.

बायपास कपॅसिटर हे तर कुंपणानेच शेत खाल्ल्याचं उदाहरण. नको असलेला सिग्नल जमिनीत जिरवायला तो लावायचा. पण तारेच्या दर मिलिमीटरला जवळपास एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे पाय धरून दहा नॅनोहेन्री झाले, तर तो पाच मेगाहर्ट्झपर्यंतच कपॅसिटर राहतो. त्याच्या वर वेशांतर करून कॉइल होतो. आकृतीत जमीन दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिथे तरंगतं टोक असतं. याच हिशेबाने एमिटरचा सेंटिमीटरभर लांब पाय १०० मेगाहर्ट्झला सहा ओहमचा आणि १००० मेगाहर्ट्झला त्रेसष्ट ओहमचा अडथळा होतो. म्हणून अनुभवी हात पाय कापून छोटे करतात, तांब्याच्या सलग पत्र्यावर थेट सोल्डर मारतात, छापील बोर्डावर एमिटरच्या शेजारी एक नव्हे तर चार-सहा भोकं पाडून जमिनीला जोडतात. आकृतीत यातलं काहीच दिसत नाही. दोघांनी एकच आकृती बघून बांधलेल्या दोन अ‍ॅम्प्लिफायरपैकी एक शांत आणि एक केकाटणारा का निघतो, याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

शिट्टी कामाच्या पट्ट्यापेक्षा फार वर असेल, तर एकाच ट्रान्झिस्टरची कुंडली मांडायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळणारा बीसी ५४७ घ्या. दारावरच्या घंटीपासून बालविज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पापर्यंत सगळीकडे राबणारं हे गरीब जनावर. पण त्याचा गेन ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास जाऊन संपतो. एमिटर फॉलोअर म्हणून जोडला, बेसला लांब तार ठेवली आणि एमिटरला केबलची कपॅसिटन्स लटकवली, तर नकळत कोल्पिट्स ऑसिलेटर तयार होतो आणि आवाजासाठी बांधलेलं सर्किट एफएमच्या पट्ट्यात गाऊ शकतं. उपाय मात्र स्वस्त: बेसच्या अगदी मुळाशी १० ते ४७ ओहमचा रोध किंवा एक फेराइट मणी. मणी खालच्या फ्रिक्वेन्सीला तारेसारखा वागतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीची ऊर्जा उष्णतेत जिरवतो.

आणि शिट्टी कामाच्या पट्ट्यातच वाजत असेल, तर शेवटचा टप्पा पहिल्या टप्प्याशी बोलतोय. इथे साखळी तोडून बघावी लागते: मधला दुवा काढायचा, दोन्ही बाजूंना ५० ओहम लावायचे, एकेक टप्पा स्वतंत्र शांत आहे का ते पाहायचं. सगळे सुटे शांत आणि एकत्र आले की कल्ला, असं असेल तर घराची मांडणीच चुकली आहे. इनपुट आणि आउटपुट शेजारी ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर कितीही चांगले भाग वापरले तरी सुखाने नांदत नाही. टप्पे एका सरळ ओळीत, मधे पत्र्याच्या भिंती, प्रत्येक टप्प्याच्या पुरवठ्याला वेगळी गाळणी. शिवाय दोन टप्प्यांच्या मध्ये तीन डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर. म्हणजे कष्टाने मिळवलेली निम्मी ताकद रोधांमध्ये जाळून टाकायची. डिझाइन करणाऱ्याच्या जिवावर येतं, पण त्यामुळे प्रत्येक टप्प्याला ओळखीचा शेजार मिळतो आणि भांडणं थांबतात.

सर्वांत छळणारी जात झाकणाची. उघडा असताना अ‍ॅम्प्लिफायर गोगलगाय, बाहेरचा त्रास नको म्हणून झाकण लावलं की पोटात पाय. धातूची बंद डबी ही स्वतःच एक अनुनाद पोकळी असते, तबल्यासारखी. १० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद डबीचा पहिला सूर साधारण २९०० मेगाहर्ट्झला लागतो आणि आजच्या ट्रान्झिस्टरना तिथे भरपूर गेन असतो. आउटपुटची लहर छताखालून तरंगत इनपुटवर उतरते. झाकणाला आतून लहरी शोषणारा रबरी तक्ता चिकटवणं हा एक उपाय. दुसरा देखणा आहे: डबी अरुंद करायची. दीड सेंटिमीटर रुंदीच्या बोळातून १०,००० मेगाहर्ट्झच्या खालची लहर चालूच शकत नाही. त्याच्या बरीच खाली असेल तर दर दीड सेंटिमीटरला तिची ताकद सुमारे पाचशे पटींनी विरते. महागड्या मायक्रोवेव्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या आत नागमोडी बोळ कोरलेले दिसतात ते याचसाठी.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांमध्ये हा सगळा संसार मोठ्या प्रमाणावर सांभाळावा लागतो. ४५ मीटर व्यासाच्या प्रत्येक तबकडीच्या फोकसपाशी कमी खरखरीचा अ‍ॅम्प्लिफायर टांगलेला. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या सिग्नलपुढे जीपीएस म्हणजे ढोलताशाच. तो वापरण्याजोगा करायला लागणारा अफाट गेन एका डबीत कोंबला तर ती डबी केकाटल्यावाचून राहणार नाही. म्हणून तो वाटून दिलेला आहे: थोडा वर तबकडीच्या फोकसपाशी, थोडा खाली अँटेनाच्या पायथ्याशी, उरलेला दूर मध्यवर्ती इमारतीत. मधलं अंतर सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशावर बसून कापतो, आणि काचेच्या तंतूतून करंट उलटा झिरपत नाही. दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं पाहिलं होतं. अशा शेजारात कुणाच्या छपरावरचा एखादा बिथरलेला बूस्टर काय करू शकेल, हे मॉस लँडिंगच्या मच्छीमारांना विचारावं.

त्या बोटवाल्यांना आपण काय करतोय याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागणार तरी कसा? त्यांच्या टीव्हीवर चित्र दिसत होतं. २००२मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने नौकामालकांसाठी या अँटेनांबद्दल सूचना काढली. तिच्यातल्या तपासणीला ना अ‍ॅनलायझर लागत होता, ना नायक्विस्टचं गणित: जीपीएस विचित्र वागत असेल तर टीव्हीच्या अँटेनाचा पुरवठा बंद करा, आणि पडद्यावर उपग्रह परत येतात का ते बघा.